रंग ठरवणार कोण?

दसरा होऊन गेला होता आणि तुळशीचं लग्न लागायचं होतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला उसंत मिळते ती याच मधल्या दिवसांत. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर हे कापूस, सोयाबीन आणि तुरीचं गाव. तिथल्या एका फोटो स्टुडिओत मामा आणि भाची यांच्यात झालेली ही बोलणी. मामाने रोलच्या काळापासून लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो काढले आहेत. कॅमेऱ्यातून तयार होऊन निघालेली जेपेग फाईल म्हणजे फोटो, असं त्याचं साधं मत. भाची कृषी महाविद्यालयात शिकते, पिकांवरच्या रोगांचे फोटो काढते. ती कॅमेरा 'रॉ'वर ठेवते आणि फोटो कसा दिसावा हे संगणकावर बसून ठरवायला शिकते आहे.

पडद्यावर एकाच क्षणाची दोन रूपं शेजारी उघडी होती. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा झाली, तेव्हाचा फोटो. डोक्यावर ऊन, पायाखाली काळी माती, फुटलेली पऱ्हाटी, पदर पुढे ओढलेली मामी आणि तिच्या हातात दह्याची वाटी. डावीकडचं रूप कॅमेऱ्याने केलेलं, उजवीकडचं भाचीने.

मामा : डावीकडला पाह्य. कापूस पांढराशुभ्र, आभाळ निळं, साडी लाल. आन हा तुहा. कापूस मळकट, आभाळ फिकं. अर्धी रात्र बसून चांगल्या फोटोची रया घालवली तू.

भाची : मळकट नाही मामा, कापसाचा धागा दिसतोय. कॅमेऱ्याच्या फोटोत बोंडाच्या जागी नुसता पांढरा ठिपका आहे. मोठा करून बघा, आत काही नाही.

मामा : गिऱ्हाईक मोठा करून पाहत नाही. अल्बमचं पान पलटवते आन पुढं जाते.

भाची : आणि मामीचा चेहरा? तुमच्या बाजूला पदराच्या सावलीत डोळेच नाहीत. माझ्याकडे आहेत. हे मी रंगवलेले नाहीत, फाईलमध्ये होतेच. कॅमेऱ्याने जेपेग करताना ते टाकून दिले.

मामा : कॅमेरा काहून टाकून देईन?

भाची : जागा वाचवायला. हा कॅमेरा उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मोजतो; चौदा बिटांचा हिशोब आहे तो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला पायऱ्या २५६. मग कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या गाळायच्या, हे कोणीतरी ठरवायला हवं. तुम्ही बटण दाबलं की कॅमेरा ते परस्पर ठरवतो : उजेड कोणत्या रंगाचा होता, सावली किती काळी ठेवायची, साडी किती लाल, कड किती धारदार. उरलेलं पुसून टाकतो. जिनिंगमधून रुई बाहेर पडावी तसा फोटो बाहेर पडतो. सरकी कुठे गेली ते शेतकऱ्याला दिसत नाही.

मामा : सरकीचं तेल निघते, ढेप निघते. तुह्या त्या उरलेल्या पायऱ्यांचं काय निघते?

भाची : मामीचे डोळे निघाले.

मामा : बरं. म्हणजे रॉ खरी आन जेपेग खोटी, असं म्हणणं आहे तुहं?

भाची : नाही. रॉ फाईल हा अजून फोटोच नसतो. सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती एवढंच कळतं. म्हणून त्याच्या बिंदूंवर रंगीत गाळण्यांचं जाळं बसवतात. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं, आणि आजचेही बहुतेक कॅमेरे तिच्यावर चालतात. प्रत्येक बिंदूला एकच रंग ठाऊक असतो. बाकीचे दोन आजूबाजूच्या बिंदूंवरून हिशोबाने भरायचे.

मामा : म्हणजे तीनातले दोन रंग तिथंबी अंदाजाचेच! मंग एवढा टेंभा कायले?

भाची : अंदाज दोन्हीकडे आहे, हे कबूल. पण रॉमधला अंदाज मला उघडून पाहता येतो, बदलता येतो, मागे घेता येतो. मी काहीही केलं तरी मूळ फाईलला हात लागत नाही. तिच्याशेजारी एक छोटी फाईल तयार होते, तिच्यात नुसत्या सूचना असतात : उजेड एवढा वाढवला, सावली एवढी उचलली. ती पुसली की सगळं जसंच्या तसं.

मामा : आमच्या वेळच्या रिटचिंगवाल्याचं तसं नव्हतं. ब्लॅक अँड व्हाइटमधी निगेटिव्हवरच पेन्सिल चालायची. डोळ्याखालचं काळं, चेहऱ्यावरचे डाग, सारं त्या पेन्सिलनं भरायचं. कुठं खरवडायचं असलं का ब्लेडचं टोक. हात चुकला का निगेटिव्ह गेली. म्हणून तो माणूस आधी पाहत बसायचा आन मंग हात लावायचा. तुह्याकडं काही बिघडतच नाही, म्हणून तू दिवसभर स्लायडर ओढून राहिली.

भाची : शिकताना सगळ्यात मोठा सापळा तोच आहे. फाईल उघडली की क्षणभर फोटो झकास दिसतो आणि डोळ्यांदेखत फिका पडतो. नव्या माणसाला वाटतं, सॉफ्टवेअरने बिघडवला. खरं तर आधी दिसतो तो कॅमेऱ्याने रॉच्या पोटात ठेवलेला छोटा जेपेग. तो बाजूला सारून सॉफ्टवेअर स्वतःचा हिशोब मांडतं. त्या फिकेपणाला घाबरून माणूस सगळे स्लायडर टोकाला नेतो. मग गवत विषारी हिरवं, आभाळ गडद निळं, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही.

मामा : आन वरून कोणाचा तरी विकत घेतलेला प्रीसेट. हिंगणघाटची नवरी आन राजस्थानचा किल्ला, दोन्ही एकाच तपकिरी रंगात.

भाची : प्रीसेट म्हणजे पुन्हा दुसऱ्यानेच ठरवलेलं. ते लावायचं असेल तर कॅमेऱ्याचं जेपेग काय वाईट?

मामा : तेच तर सांगून राहिलो! जे ठरवायचं ते काढतानाच ठरव. मी मांडवात गेलो का पहिले बल्ब पाहतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवत नाही, केल्विन हातानं लावतो. पिवळा बल्ब असला का तीन हजाराच्या आसपास, दिवसाचं ऊन असलं का साडेपाच हजार. हळदीच्या मांडवात कापड पिवळं, साडी पिवळी, हळद पिवळी, वरून बल्ब पिवळा. ऑटोवर ठेवला का कॅमेऱ्याले वाटते उजेडच पिवळा आहे, आन तो सारं निळ्याकडं वढते. नवरीची हळद उतरून जाते. मी पहिलेच लावून ठेवतो, म्हणून माह्या जेपेगले नंतर हात लावा लागत नाही.

भाची : तुमच्या डोळ्याबद्दल वाद नाही. पण त्याच मांडवात दाराकडून ऊन येतं, आत बल्ब, स्टेजवर एलईडी आणि डोक्यावर गुलाबी कापड. त्या सगळ्यांना मिळून एक केल्विन कुठला लावणार? रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाईलसोबतची नुसती नोंद असते, रंगात मिसळलेली नसते. मी त्या-त्या उजेडात करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवते. घरी त्या कार्डावर क्लिक केलं की त्या उजेडातले सगळे फोटो एकदम जाग्यावर येतात. गुलाबी कापडाखालच्या चेहऱ्यांसाठी तेवढ्यापुरता मास्क लावायचा.

मामा : आन स्वस्तातले एलईडी? त्यांच्या उजेडात लालच कमी असते, माणूस आजारी दिसते. ते तुहं कार्ड नीट करीन?

भाची : थोडंफार. जे उजेडातच नव्हतं ते फाईलमध्ये कुठून येणार?

मामा : म्हणून मी माहा लाइट घेऊन जातो. आन उन्हातला कापूस? तो ओव्हर झाला तर रॉमधीबी ओव्हरच ना?

भाची : हो. बिंदू काठोकाठ भरला की पुढचं काही मोजलंच जात नाही. म्हणून त्या दिवशी कॅमेरा सांगत होता त्यापेक्षा मी उजेड कमी घेतला. कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा आलेखही जेपेगवरून काढलेला असतो. तो 'उडाला' म्हणतो तेव्हा रॉमध्ये थोडी जागा उरलेली असू शकते. ती किती, हे आपल्या कॅमेऱ्यावर आपणच तपासून ठेवायचं. पण कमी घेण्यालाही किंमत आहे. त्या १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, ८,१९२, सगळ्यात उजळ टप्प्यातच खर्च होतात. खालच्या टप्प्याला ४,०९६, त्याखाली २,०४८, आणि अगदी अंधारात मूठभर. म्हणून अंधार जास्त उचलला की दाणे दिसायला लागतात. पदराच्या सावलीत पाहा, आहेत.

मामा : दिसले ते. रोलमधी हेच दुखणं उलटं होतं. निगेटिव्हले उजेड थोडा जास्त झाला तर चालून जायचं, कमी पडला का सावली मरायची. म्हणजे पांढरा कापूस आन काळी माती एका फोटोत घ्यायची तर कोणाचं तरी नुकसान होणारच. तू कापूस वाचवला, सावलीत दाणे घेतले.

भाची : हो. आणि ते मी जाणूनबुजून केलं.

मामा : आता चेहऱ्यावर ये. मामीचा चेहरा तू उजळवला. मी नवरीचा उजळवतो तवा तू नाक मुरडते. फरक काय?

भाची : मी सावली उचलली. तुम्ही कातडीचा रंग बदलता.

मामा : मी कुठं बदलतो? नवरीची आई बदलवते. 'थोडी गोरी करा' म्हणल्याबिगर अल्बम पास होत नाही.

भाची : तो हट्ट यंत्रातही होता, मामा. कोडॅककडून लॅबना रंग जुळवायला नमुना-कार्डं जायची. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्यांना. त्यांच्यावर अनेक दशकं गोरी बाईच असायची. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या माणसाचा चेहरा दबून आला, तर तो त्या माणसाचा दोष! वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणून 'मशीनमधून आलं तेच खरं' हे मला पटत नाही. मशीनमध्येही कोणाची तरी आवड बसलेली असते.

मामा : लॅबमधून सावळी माणसं काळी होऊन यायची, हे खरं आहे. आम्ही म्हणायचो, रोलच तसा. पण मले सांग, त्या उन्हात मामी किती सावळी दिसत होती हे तुले आज कसं माहीत? तू घरी, रात्री, ट्यूबलाइटखाली बसून ठरवलं. तुहा पडदाबी भलता उजळ. प्रिंट काढली का सारं अंधारते.

भाची : पडद्याचं बरोबर आहे. त्याचा उजेड उतरवून, प्रिंट शेजारी धरून जुळवावा लागतो, नाहीतर अल्बम काळा येतो. आठवणीचं दुखणं मात्र पडद्यापेक्षा मोठं आहे. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा एक फोटो काढला. निगेटिव्ह एकच. त्या एका निगेटिव्हच्या प्रिंट त्याने पुढे कित्येक वर्षं काढल्या, आणि वर्षं गेली तसं त्या प्रिंटमधलं आभाळ काळं होत गेलं. १९४८ मध्ये तर त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रियाही केली, जमिनीकडचा भाग ठसठशीत यावा म्हणून.

मामा : मंग त्या संध्याकाळी आभाळ कसं होतं? पहिल्या प्रिंटवानी का शेवटच्या? तू तर माहीच बाजू मजबूत करून राहिली.

भाची : त्याच्यासाठी ते चित्र होतं, साक्ष नव्हती. मला वाटतं, पहिला प्रश्न स्लायडरचा नाहीच. हा फोटो कशासाठी आहे, हा पहिला प्रश्न.

मामा : साक्षीचाच फोटो घे मंग. गारपिटीनं पीक झोपलं का बहात्तर तासांच्या आत विम्याले कळवा लागायचं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी बांधावर उभा राहून ॲपमधूनच पिकाचा फोटो टाकते. तिथं तुही रॉ कोण घेईन? आन सावली उचललेला फोटो पंचनाम्याले दिला तर साहेब म्हणीन, नुकसानबी उचललं काय!

भाची : तिथे मीही हात लावणार नाही. पण साक्षीचा फोटो कोणता, यावर मोठ्यांचंही एकमत नाही. २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने केलेलं जेपेगच पाठवा.

मामा : हुशार माणसं आहेत.

भाची : पुढचं ऐका. त्याच वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने शेवटून दुसऱ्या फेरीतले सुमारे वीस टक्के फोटो बाद केले. आणि ते कशावरून? स्पर्धकांकडून मूळ फाईल मागवल्या आणि पाठवलेल्या फोटोंशी ताडून पाहिल्या. म्हणजे एकाला वाटतं, माणसाने हात लावायला नको म्हणून जेपेग हवं. दुसऱ्याला वाटतं, माणसाने काय हात लावला ते कळायला मूळ फाईल हवी.

मामा : एकाले माणसावर भरोसा नाही, दुसऱ्याले हिशोब पाहिजे.

भाची : मी दुसऱ्या बाजूची. माझं कामच तसं आहे. पऱ्हाटीवर लाल्या आला की पानं लाल होतात. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं, रात्री गार झाल्या, अशी कारणं असतात. तुडतुड्यांनी रस शोषला तरीही पानाच्या कडा लाल होतात. दोन्हींचा उपाय वेगळा. नुसत्या रंगावरून रोग ठरत नाही, पान उलटून पाहावंच लागतं. पण या आठवड्यातली लाली आणि पुढच्या आठवड्यातली लाली ताडून पाहायची असेल, तर दोन्ही फोटोंत लालचा अर्थ एकच हवा. तुमच्या कॅमेऱ्यावर रंग गडद करणारं 'व्हिव्हिड' लावलेलं आहे. तो कोणत्याही शेतात लाल्या आणेल.

मामा : नवरीच्या शालूले 'व्हिव्हिड'च लागते.

भाची : शालूला लावा. पानाला नको. मी पानाशेजारी करडं कार्ड ठेवते, रॉ घेते आणि प्रत्येक फोटोला त्याच सूचना लावते. इथे रॉ मला मोकळीक देत नाही, उलट बांधून घालते.

मामा : हे पटण्यासारखं आहे. पण बांधून घ्यायचं म्हणत असशील तर आपल्या सेवाग्रामचं घे. कनू गांधी. बापूंच्या पुतण्याचे चिरंजीव, १९१७ चा जन्म. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे, त्यांनी त्याहीले म्हणलं का फोटो काढत जा. बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत रोलायफ्लेक्स आन फिल्म घेतली. आन बापूंच्या तीन अटी : फ्लॅश मारायचा नाही, कोणाले पोझ द्यायले सांगायचं नाही, आश्रमाचा पैसा लागायचा नाही. कुडाच्या झोपडीतला उजेड कितीसा! तरी फोटो पाह्य त्यांचे. तिथं कोणता स्लायडर होता?

भाची : डार्करूम होती ना. त्या निगेटिव्हच्या प्रिंट कोणीतरी काढल्याच. कागद किती वेळ उजेडाखाली धरायचा, कोणता कोपरा हाताने झाकायचा, हे कोणीतरी ठरवलंच. आणि त्या अटी बघा. समोरच्या माणसाला त्रास नको, आश्रमाला खर्च नको, एवढंच त्यात आहे. सावली उचलायची नाही, अशी अट नव्हती. उलट फ्लॅश बंद आणि पोझ बंद म्हटल्यावर जो काही उजेड हाती लागला त्यातला कण न् कण वाचवावा लागतो. आज कोणाला त्या अटींवर फोटो काढायचे असतील, तर मी म्हणेन रॉच घे.

मामा : तू वकील व्हायले पाहिजे होती. पण एक गोष्ट तू सोडून राहिली. अटी होत्या म्हणून त्यांचा डोळा तयार झाला. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर बारा फोटो. तुह्या कार्डात शेकडो. 'घरी जाऊन पाहू' म्हणणाऱ्याचा डोळा तिथं मांडवातच आळशी होते. मी अशी पोरं पाहिली आहेत. उजेडाकडं पाहत नाहीत, पडद्याकडं पाहतात.

भाची : ते खरं आहे. माझंही सुरुवातीला तसं व्हायला लागलं होतं. उपाय एकच सापडला : फोटो काढताना वहीत लिहायचं. ऊन कुठून, सावली कशाची, डोळ्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही. सीतादहीच्या वहीत लिहिलंय, 'मामीचे डोळे दिसतात, कपाळ उजळ, गाल पदराच्या लालसर सावलीत.' म्हणून गालावरची ती लाली मी काढली नाही. मला कातडी एकसारखी करता आली असती. पण तिथे लाल साडीचा उजेड पडला होता.

मामा : वही ठेवते?

भाची : आठवणीवर भरवसा नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात.

मामा : वहीचं चांगलं आहे. पण धंद्याचा हिशोब कर. एका लग्नाचे तीन हजार फोटो, एक रॉ पंचवीस एमबीची. पंच्याहत्तर जीबी. दोन प्रती ठेवल्या तर दीडशे. लग्नसराईत लग्नाले लग्न लागते. पाव्हणे जेवणाच्या पंगतीतच विचारतात, 'फोटो मोबाइलवर कवा येणार?' करिझ्मा अल्बमचं डिझाइन वेगळं, लॅबची वाट वेगळी. तीन हजार फोटो तू एकेक करून उघडशील का?

भाची : उघडणार नाही. एका उजेडातले फोटो एका गटात. त्यातला एक नीट करायचा, त्याच्या सूचना बाकीच्यांवर उतरवायच्या. मग अल्बमला लागतात तेवढेच हाताने. आणि क्रम ठरलेला : आधी व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग पांढऱ्यातला तपशील, मग सावली. रंग गडद करायची हौस सगळ्यात शेवटी, आणि तोवर ती बहुधा उरत नाही. पैसेही लागत नाहीत. डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर २००९ पासून फुकट आहे.

मामा : आन वीस वर्षांनी उघडीन का ही फाईल? जेपेग १९९२ पासून आहे तशी आहे, कुठंबी उघडते. तुह्या रॉची प्रत्येक कंपनीची वेगळी पेटी. निकॉनची वेगळी, कॅननची वेगळी, सोनीची वेगळी.

भाची : ही भीती खरी आहे. २००५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सची नोंदच कुलूपबंद केलेली निघाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. ते कुलूप उघडणाऱ्यांत डेव्ह कॉफिन नावाचा प्रोग्रामर होता. त्याने १९९७ पासून एकट्याने एक छोटा प्रोग्राम लिहीत आणला होता, शेकडो कॅमेऱ्यांच्या फाईल उघडणारा, आणि तो सगळ्यांना खुला ठेवला. ॲडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचा रॉ फाईलचा खुला नमुना आणला. तरी मी निवडक फोटोंचं चांगलं जेपेग करून ठेवतेच, आणि प्रिंटही.

मामा : म्हणजे शेवटी जेपेगच!

भाची : शेवटी जेपेगच. पण ते माझं.

मामा : बरं, आता माहं ऐक. तुळशीच्या लग्नानंतर पहिलं लग्न आहे, त्याच्यात तू चाल माह्यासंगं. कॅमेऱ्यात दोन्ही फाईल ठेव, रॉबी आन जेपेगबी. मोबाइलवर जायचे ते जेपेग मी देतो, त्याच रात्री. अल्बमचे तू कर. पण माही अट आहे. तू जो स्लायडर वढशील त्याचं कारण मले एका वाक्यात सांगायचं. कारण नाही सांगता आलं का तो परत शून्यावर.

भाची : मंजूर. आणि 'चांगलं दिसतं' हे कारण?

मामा : चालणार नाही. चांगलं कोणाले दिसते ते सांग.

भाची : आणि नवरीच्या आईने 'गोरी करा' म्हटलं तर?

मामा : तिले मी समजावतो. तू पहिले चेहरा नीट काढून दे, सावळाच पण झळकला पाहिजे. झळकला का माय काही बोलत नाही. दबून काळा आला का मंग 'गोरी करा' सुरू होते.

भाची : तेच मी अर्ध्या तासापासून सांगतेय, मामा.

मामा : सांगून नाही, करून दाखव.

भाची : मग माझीही एक अट. तुमच्या जेपेगलाही मी तेच विचारणार. आभाळ इतकं निळं का केलं? साडी इतकी लाल का? मामीचे डोळे का टाकून दिले?

मामा : ते मले काय माहीत? ते कॅमेऱ्यानं केलं.

भाची : तर मग तो स्लायडर शून्यावर न्यायचा ना?

मामा : जाय, चहा सांग पहिले. आन 'व्हिव्हिड' कुठून बंद होते ते दाखव. शालूसाठी मी परत लावून घेईन.